वडिलांची एस्टीम, कोकणातला पाऊस आणि नवी सिस्टीम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची २००५ ची मारुती एस्टीम, गाडी देवरुखजवळच्या गावी, तुम्ही नोकरीला मुंबईत. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच येणं. मधे वडील आठवड्यातून एकदा बाजाराला नेतात, पावसात कधी कधी महिनाभर गाडी पडवीत उभीच. कॅसेटचा स्टिरिओ मेलाय, मागच्या ट्रेवरच्या अंडाकृती स्पीकरचे कागद फाटलेत, पुढच्या दारांतले घरघरतात. दुकानदाराने नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, नवे सहा-बाय-नऊ इंची अंडाकृती स्पीकर, अँप्लिफायर आणि डिकीत बारा इंची वूफर असं पंचवीस हजारांचं कोटेशन दिलंय. घ्यावं का?

नको. पंचवीस हजार खर्च करायला माझी ना नाही, पण ते भलत्या ठिकाणी चाललेत.

मी रत्नागिरीत गेली सव्वीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं आणि गाडीतल्या म्युझिकचं काम करतो. दुकानात परत येणाऱ्या सिस्टीम मी उघडतो तेव्हा त्यांतल्या फार थोड्या 'वॉट कमी पडले' म्हणून आलेल्या असतात. कुठे लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, हिरवा पडलेला असतो, कुठे स्पीकरचं मॅग्नेट गंजून कॉइलला घासत असतं, कुठे टेप वितळून जोड उघडा पडलेला असतो, तर कुठे उंदराने वायर खाल्लेली असते. तुमच्या कोटेशनमध्ये या सगळ्यावर मिळून एकच शब्द आहे: 'किट'. हीच सिस्टीम पुण्यात पाच-सहा वर्षं वाजेल. आपल्याकडे दुसऱ्या गणपतीपर्यंत पोचली तरी नशीब. समुद्रकाठच्या मिऱ्या-मिरकरवाड्याकडच्या गाड्यांना लागतो तेवढा खारा वारा देवरुखला नाही हे खरं, पण सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकलं की पाऊस वाढतो, आणि उभ्या गाडीतली ओल चालत्या गाडीपेक्षा वाईट.

आधी गाडीची वीज बघा. वीस वर्षांच्या गाडीला नवीन काही जोडण्याआधी मी एक साधा मल्टीमीटर लावतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. १२.२ असेल तर ती अर्धी रिकामी आहे. मग गाडी चालू करून हेडलाइट, पंखा, वायपर सगळं लावायचं आणि पुन्हा बॅटरीवरच मोजायचं. १३.८ ते १४.४ हवं. तेरावरच घुटमळत असेल तर अल्टरनेटरचे ब्रश संपत आलेत किंवा बेल्ट सैल आहे, आणि अशा गाडीला अँप जोडणं म्हणजे आटलेल्या विहिरीवर पंप बसवणं. शेवटी एक मोजणी अशी, जी फारसं कोणी करत नाही: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर इंजिनची अर्थ पट्टी, म्हणजे इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी जाड वायर, खराब आहे. पट्टी दोन-तीनशे रुपयांत मिळते. आवाजाच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. त्यातली एक पुढे सांगतो.

आता जुनं वायरिंग. तुमच्या गाडीत वीस वर्षांत किमान तीन जणांनी हात घातला असणार. स्टिरिओ बाहेर काढलात की मागे टेपचा एक गोळा दिसेल, हात लावला की गुळासारखा चिकटणारा. तो कापून टाका, त्यातलं काही वाचवायला जाऊ नका. नवीन स्टिरिओबरोबर वायरींचा झुबका येतो, त्याचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखे असतात. पिवळी कायम चालू बारा व्होल्ट, लाल चावी फिरवल्यावर येणारी, काळी अर्थ, निळी-पांढरी अँपला जागं करणारी रिमोट. स्पीकरमध्ये पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. ज्या वायरीवर काळा पट्टा ती निगेटिव्ह.

इथे जुन्या गाडीचा एक सापळा असतो. पूर्वी काही कारागीर स्पीकरची एकच वायर ओढायचे आणि निगेटिव्ह सरळ बॉडीला टेकवायचे. कॅसेटच्या काही जुन्या स्टिरिओंना ते चालून जायचं. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं, निगेटिव्ह बॉडीला लागली की आतली आवाजाची चिप, आयसी, गेली. नवा डबा, पहिलंच गाणं आणि धूर, असं माझ्यासमोर दोनदा झालंय. दोन्ही वेळा दोष 'माल डुप्लिकेट' म्हणून मालावर ढकलला गेला. म्हणून नवा स्टिरिओ जोडायच्या आधी प्रत्येक स्पीकर वायर आणि बॉडी यांमध्ये मीटरची बीप लावून बघा. एकही बीप येता कामा नये. माझं विचाराल तर स्पीकरच्या वायरी नव्याच ओढा, दोनशे-चारशे रुपयांचा प्रश्न आहे.

स्क्रीनबद्दल. एस्टीमच्या डॅशमधली खाच एका डीआयएनची, म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटरची. नऊ इंची स्क्रीन बसवायला एकतर डॅश कापावा लागेल किंवा स्क्रीन पुढे टांगावी लागेल, म्हणजे एसीच्या जाळ्या झाकल्या जाणार. कापलेला एस्टीमचा डॅश परत मिळणार नाही, ती गाडी बंद होऊन किती वर्षं झाली. दुसरं म्हणजे वडील. आंबा घाट उतरताना आवाज कमी करायला काचेवर बोट शोधायचं, की हाताला लागेल असं गोल बटण फिरवायचं? माझे स्वतःचे वडील सत्तरीत होते तेव्हा त्यांना मी मोठ्या हौसेने स्क्रीन लावून दिली. त्यांनी ती वर्षभर बंदच ठेवली. विचारलं तर म्हणाले, 'अरे, ती काहीतरी विचारते सारखी.' मग मी गुपचूप बटणाचा डबा लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून भजनं सुरू.

तेव्हा एका डीआयएनचा, मोठ्या गोल बटणाचा, ब्लूटूथ आणि यूएसबीवाला चांगल्या कंपनीचा स्टिरिओ घ्या. सोनी, पायोनियर, जेव्हीसी, केनवुड, यांतला कुठलाही. सीडीची गरज नाही. वडील रेडिओवर मीडियम वेव्ह लावत असतील तर डब्यावर एएम आहे का हे बघून घ्या, स्वस्त अँड्रॉइड युनिटमध्ये ते बहुधा नसतंच. घाटात आणि देवरुखच्या पुढे मोबाइलची रेंज जाते-येते, त्यामुळे पेन ड्राइव्ह भरून ठेवलेला बरा. मागे आरसीएच्या, म्हणजे अँपला सिग्नल नेणाऱ्या गोल सॉकेटच्या, किमान दोन जोड्या आहेत ना, तेही बघा.

डब्यावर '४ × ५० वॉट' लिहिलेलं असेल. त्यावर जाऊ नका. मागे फ्यूज बघा, दहा किंवा पंधरा अँपिअरचा असेल. दहा अँपिअर गुणिले चौदा व्होल्ट म्हणजे डब्यात जाणारी सगळी वीजच १४० वॉट. त्यातली निम्मी उष्णतेत जाते. उरलेल्या सत्तरचे चार भाग केले की एका स्पीकरला सतरा-अठरा वॉट येतात. दोनशे वॉट कुठून आणणार? पण घाबरू नका, चांगल्या स्पीकरला आणि नीट बांधलेल्या दाराला अठरा वॉट पुष्कळ होतात.

दाराकडे येऊ, कारण तुमचे पैसे मी तिथे घालणार आहे.

एस्टीमचं दार बाहेरून बोटाच्या पेराने वाजवून बघा. टिनाच्या डब्यासारखं वाजेल. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच ओढतो. दारात मोठमोठी भोकं उघडी असतील तर मागची लाट पुढच्या लाटेला जाऊन मिळते आणि दोघी एकमेकींना खातात. आधी जातो तो बास. मग माणूस म्हणतो स्पीकरला बास नाही, वूफर लावा. खरं म्हणजे दाराला डबा व्हायचं होतं आणि तो झालाच नाही.

त्यासाठी ब्यूटाइल रबरची, वर अ‍ॅल्युमिनियम असलेली शीट येते. एक थर दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून, एक थर आतल्या पत्र्यावर, भोकं झाकत. दुकानात डांबरी शीटही मिळते, अर्ध्या भावात. घेऊ नका. मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीत ती सुटते आणि दाराच्या तळाशी जाऊन बसते. शीट लावण्याआधी पत्रा थिनरने पुसा, गंज दिसला तर खरवडून प्रायमर मारा, आणि शीट छोट्या रोलरने दाबत दाबत चिकटवा. रोलर नसेल तर लाटण्याचं टोक चालतं, घरच्यांना न विचारता घेऊ नका एवढंच.

आता ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी श्रावणात एक गृहस्थ आले. मोठ्या शहरातल्या दुकानातून त्यांनी भरपूर पैसे देऊन दारं पॅक करून घेतली होती. तक्रार अशी की उजव्या बाजूचा स्पीकर बुडबुडतो. मी दार उघडून जरा हलवलं तर आतून तांब्यातल्या पाण्यासारखं डुचमळलं. दारपॅड काढलं. कारागिराने इतकी मन लावून शीट लावली होती की दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची तिन्ही भोकंही बंद केली होती. खिडकीच्या काचेच्या कडेने पावसाचं पाणी दारात उतरतंच, दार तसंच बनवलेलं असतं. खाली भोकं असतात, तिथून ते गळून जातं. इथे ते जायला वाट नव्हती. स्क्रूड्रायव्हरने मी एक भोक मोकळं केलं आणि चार-पाच लिटर गंजकट पाणी माझ्या पायावर आलं. स्पीकरचं मॅग्नेट लाल पावडर होऊन हाताला लागत होतं. ते दार पुढच्या वर्षी खालून सडलं. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे शहरातल्या त्या कारागिराला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून दारं करून घेताना तुम्ही समोर उभे राहा. खालची भोकं बोटाने मोजा, शीट लावून झाल्यावर परत मोजा. दारपॅड लावण्याआधी काचेवर बाहेरून दोन बादल्या पाणी ओता आणि ते खालून गळतंय का बघा. कंपनीने दारपॅडच्या आत पातळ प्लास्टिकचा कागद लावलेला असतो, तो फाडून टाकायची एक वाईट सवय आहे. ब्यूटाइलने सगळी भोकं नीट झाकली असतील तर तो नसला तरी चालतं, नाहीतर तो परत चिकटवलाच पाहिजे, नाहीतर पाणी दारपॅडच्या पुठ्ठ्यात जातं आणि पुठ्ठा पापडासारखा फुगतो.

स्पीकर निवडताना कोन कागदाचा नको, पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. कडेची गोल पट्टी फोमची नको, रबराची. कागद ओलीने मऊ पडतो, त्यावर बुरशी येते, आणि फोम काही वर्षांत चुरा होतो. हाय-फायवाले कागदी कोनाचं कौतुक करतात, त्यांचं चूक नाही, पण त्यांच्या घरात पावसाळ्यात चपलेवर बुरशी येत नाही. साडेसहा इंच बसत असेल तर तेच, नाहीतर सव्वापाच. आधी मॅग्नेटची खोली मोजा आणि काच पूर्ण खाली करून मागे किती जागा उरते ते बघा. काच मॅग्नेटवर आपटली की एक दिवस तडकणार. खोली कमी पडली तर मधे रिंग घालावी लागते. ती एमडीएफची करू नका, पहिल्या पावसात फुगेल. मरीन प्लाय किंवा प्लास्टिकची करा, आणि प्लाय असेल तर कडांना दोन हात रंग द्या. स्पीकरवर छत्रीसारखी एक पट्टी, जुन्या पाण्याच्या बाटलीची कापलेली असली तरी चालेल, वरच्या बाजूला लावा म्हणजे काचेवरून येणारं पाणी मॅग्नेटवर पडत नाही.

ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, वेगळा असलेला कंपोनंट सेट घ्या, आणि ट्वीटर डॅशच्या कोपऱ्यात किंवा आरशामागच्या त्रिकोणात स्क्रूने बसवा. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर भरवसा नको, उन्हात उभ्या गाडीत ते वायरीला लोंबकळताना मी पाहिलेत.

स्पीकर जोडताना प्लस-मायनस उलटं झालं का हे बघायची सोपी युक्ती आहे. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर उडी मारतो. दोन्ही दारांचे कोन एकाच दिशेला उडाले पाहिजेत. एक बाहेर, एक आत असेल तर बास गायब होतो आणि गायक कुठे उभा आहे हेच कळत नाही. ही तपासणी स्टिरिओपासून वायरी सोडवून करायची. ट्वीटरला सेल लावू नका.

अँप्लिफायर घ्यायचा का? बजेटमध्ये बसत असेल तर चार चॅनेलचा छोटा क्लास डी घ्या, प्रत्येकी खऱ्या पन्नास वॉटपर्यंतचा. क्लास डी कमी वीज खातो आणि कमी तापतो, तुमच्या जुन्या अल्टरनेटरला तोच झेपेल. 'पीक', 'मॅक्स' वगैरे आकडे सोडा, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॉट, बघा. सीटखाली बसवू नका. ओल्या चपला, भिजलेल्या छत्र्या आणि मासळीच्या पिशवीतलं पाणी तिथेच जातं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, त्यानंतर आमच्याकडे आलेल्या गाड्यांत सीटखालचा एकही अँप वाचलेला नव्हता. अर्थात ती पाण्याची पातळी पाहता वर असता तरी फार काही वाचलं असतं असं नाही. तुमच्या गाडीला डिकी आहे, तेव्हा मागच्या सीटच्या पाठीला मरीन प्लायची फळी लावून तिच्यावर उभा बसवा. डिकीच्या तळात लांब स्क्रू मारू नका. पेट्रोलची टाकी मागच्या बाजूलाच खाली असते, खाली वाकून बघितल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायचं नाही.

पॉवरची वायर बॅटरीपासून. तिथपासून दीड फुटाच्या आत फ्यूज, कारण वायर कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूजच गाडी वाचवतो. फ्यूज अँपजवळ लावणाऱ्याला पैसे देऊ नका. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडं) हवाच, आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली थोडा झोल ठेवा. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोलाच्या तळाशी थेंब सुटतो आणि आत जात नाही. बॉडीतून दारात जाणाऱ्या रबरी नळीत (बुटात) शिरणाऱ्या वायरीचंही तेच.

या वायरीतच खरा घोटाळा असतो. तीनशे-चारशेचं किट म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. वरचं प्लास्टिक जाड, आतली वायर बारीक. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी निघाली की समजा. अ‍ॅल्युमिनियम आपल्या हवेत लगच्या आत पांढरी भुकटी होतं, जोड तापतो, अँप मधेच बंद पडतो. शुद्ध तांब्याची आठ गेजची वायर घ्या, तुमच्या छोट्या अँपला ती पुरते. टोकांना लग पक्कडीने दाबून बसवा (क्रिंप करा), वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. गोंदवाली नळी तापवली की कडेने गोंद बाहेर येतो आणि हवा बंद होते. टेप फक्त वायरी एकत्र बांधायला.

अर्थसाठी अँपपासून हातभर अंतरातच जागा शोधा. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट करा, आणि मग त्यावर व्हॅसलीन फासून वरून रंग मारा. हे शेवटचं काम कोणी करत नाही. उघडा पत्रा आपल्याकडे पंधरा दिवसांत लाल होतो. सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका, तो जीव वाचवायला आहे.

आरसीए केबल एका बाजूने, पॉवरची वायर दुसऱ्या बाजूने. एवढं करूनही इंजिनबरोबर चढणारी-उतरणारी 'वीऽऽ' अशी शिट्टी येऊ शकते. एका जुन्या मारुती झेनवर मी त्या शिट्टीपायी दोन दिवस घालवले. केबल बदलली, अँप बदलला, स्टिरिओ बदलला, गिऱ्हाईक चहा पिऊन पिऊन कंटाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बोनेट उघडून उभा होतो, तर बॅटरीपासून इंजिनला आणि बॉडीला जाणारी अर्थ पट्टी बोटाने दाबली आणि शिट्टी थांबली. सोडली, परत सुरू. लगच्या आत हिरवी पावडर झाली होती, अल्टरनेटरचा करंट परत जायला वाट शोधत आरसीएच्या जाळीतून चालला होता. सँडपेपर, नवा लग, काम वीस मिनिटांचं. वर ती इंजिनच्या अर्थची मोजणी सांगितली ना, ती तेव्हापासून मी पहिल्याच तासाला करतो. तुमच्याकडे शिट्टी आली तर आधी अँपकडची आरसीए काढून बघा. शिट्टी गेली तर दोष पुढे, स्टिरिओच्या किंवा केबलच्या बाजूला. तरीही आली तर अँपच्या अर्थला किंवा स्पीकरच्या वायरींत.

अँपवरचा गेनचा स्क्रू म्हणजे आवाजाचं बटण नव्हे; स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अँप जुळवायला तो असतो. कारागीर तो कान लावून पूर्ण फिरवतात, मग गिऱ्हाईक खूश आणि महिन्याने कॉइल जळते. गेन मीटरवर लावायचा. स्पीकर सोडवा, स्टिरिओचा आवाज पाऊण, बास-ट्रेबल शून्यावर, पेन ड्राइव्हवर एक हजार हर्ट्झचा सपाट सूर वाजवा, मीटर एसी व्होल्टवर. चार ओहमच्या स्पीकरला पन्नास वॉट द्यायचे तर १४ व्होल्ट यायला हवेत. पन्नास गुणिले चार दोनशे, त्याचं वर्गमूळ. तिथे थांबा. तुमचे स्पीकर कमी वॉटचे असले तर त्यांच्या आकड्याने गणित करा. अँपवरचा हाय पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे जाड सूर अडवणारा, ऐंशी हर्ट्झला ठेवा, दारातल्या छोट्या कोनांवरचा भार कमी होतो आणि घरघर जाते.

वूफर? वडील भजनं आणि नाट्यगीतं ऐकतात असं तुम्हीच लिहिलंय. पखवाजाचा घुमारा दारं नीट केली तर साडेसहा इंची कोन देतोच. बारा इंची पेटीने अर्धी डिकी जाईल, मग मुंबईला परतताना आंब्याच्या पेट्या आणि तांदळाची गोण कुठे ठेवणार? फारच हौस असेल तर वर्षभर हे ऐकून मग ठरवा, अँपचे मागचे दोन चॅनेल तोवर मोकळे ठेवा. मागच्या ट्रेवरचे अंडाकृती मात्र काढून टाका, भोकं झाका. मागून येणाऱ्या आवाजाची गरज मागच्या सीटवरच्या मुलांना असेल, आणि ती बहुधा मोबाइलमध्ये असतात.

उभ्या गाडीचं शेवटचं काम उरलं, पण तुमच्यासाठी ते महत्त्वाचं. चावी काढल्यावरही स्टिरिओ, घड्याळ, अलार्म थोडी वीज घेतात. मल्टीमीटर अँपिअरवर लावून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत मधे घाला, दारं बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, आणि वाचा. मीटर लागलेला असताना सेल्फ मारू नका. पन्नास मिलिअँपिअरच्या आत हवं. पस्तीस अँपिअर-अवरच्या बॅटरीला पन्नास मिलिअँपिअर म्हणजे सातशे तास, एकोणतीस दिवसांत ती ठार रिकामी, आणि सेल्फ मारायचं बळ त्याच्या कितीतरी आधी संपलेलं. काही स्वस्त अँड्रॉइड युनिट झोपेतही याहून जास्त खातात. गणपतीच्या आदल्या दिवशी गावागावांत गाड्या ढकलत सुरू करतात त्याचं हे एक कारण. बॅटरीच्या निगेटिव्हवर पितळी कट-ऑफ स्विच बसवा, अडीच-तीनशेला मिळतो. वडिलांना एवढंच सांगा की आठवडाभर गाडी काढायची नसेल तर तो फिरवून ठेवायचा. स्टेशनं पुसली जातील, परत लावता येतात.

उंदरांसाठी बोनेटमधल्या नव्या वायरीवर नागमोडी प्लास्टिकची नळी चढवा आणि पडवीत गाडीशेजारी भाताची कणगी किंवा पेंढा ठेवू नका. डांबरगोळ्या, तंबाखू वगैरे सगळे उपाय लोकांनी करून पाहिलेत, उंदीर आठवडाभर लाजतात. पंधरा दिवसांनी बोनेट उघडून गाडी सुरू करणं हाच त्यातल्या त्यात चालणारा उपाय.

पैशांचा हिशेब माझ्या अंदाजाने असा बसतो. स्टिरिओ पाच हजारांच्या आत, पुढचा कंपोनंट सेट सहाच्या आसपास, दोन दारांची ब्यूटाइल शीट तीन, अँप सहा-सात, तांब्याच्या वायरी, लग, फ्यूज, हीटश्रिंक धरून अडीच, उरलेलं मजुरीला. हात आखडायचा तर अँप सोडा, स्टिरिओच्या अठरा वॉटवर चालवा. दारं आणि वायरी सोडू नका. दुकानदार म्हणेल एका दिवसात देतो. दोन दिवस द्या, आणि दारं उघडी असताना तिथे उभे राहा.

काम मे महिन्यात करून घ्या म्हणजे पहिला पाऊस त्याची परीक्षा घेईल. आगोटीची, पावसाआधीची, बाकी कामं निघतात तेव्हाच हेही. मग दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायच्या आधी एका दाराचं दारपॅड काढा, खालच्या भोकांत काडी घालून माती काढा, स्पीकरचे टर्मिनल आणि अँपचा अर्थ बघा. हिरवं दिसलं तर घासून परत व्हॅसलीन. अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्ही मुंबईत असाल तर गावातल्या पुतण्याला फोनवर सांगून करून घ्या, फक्त गेनच्या स्क्रूला त्याला हात लावू देऊ नका.